डावीकडचा तांब्या

राहाता, कारखान्याची चाळ
१४ सप्टेंबर १९७१

चौकरकाकांच्या पायाशी गहिनीनाथाचं डोकं.

काका, लई मोठी बातमी हाय. आधी खाली बसा, अन् शोभाकाकूंना चहा टाकायला सांगा.

गनपतीत आमच्या कारखान्याच्या मंडळानं आपलं ते बापलेकाचं नाटक केलं. व्हय, नगरच्या आपल्या मंडळाचंच, राधाकृष्ण मास्तरांनी लिव्हलेलं. मी नगरचा छापखाना सोडून इथं टाइम ऑफिसात लागल्यापास्नं पोरांच्या मागं लागलो हुतो. पहिल्या रांगेत पुन्याचे विष्णुपंत टोकेकर बसले हुते. त्यांची धंदेवाईक नाटककंपनी हाय, अन् हे नाटक त्यांना पुन्यात करायचंय.

खेळ संपला तसे ते विंगेत आले. नट लोक ओळीनं उभे, पाया पडायला तयार. विष्णुपंत सगळ्यांना वलांडून माझ्याम्होरं येऊन थांबले. म्हनले, "पडदा, घंटा, कंदील, दाराची कडी, हे सगळं कोन बघतं?" म्हनलो, मी. "कुनाच्या हाताखाली शिकलास?" म्हनलो, भिंगारचे सुमंत चौकर, मिल्ट्रीच्या डेपोत हेडक्लार्क हायेत, अठरा वर्सं झाली नगरच्या मंडळाची घंटा त्यांच्या हातात हाय. तर म्हनले, "माझ्याकडं व्यवस्थापक म्हनून येतोस का?"

काका, व्यवस्थापक! पगारी! आपल्या धंद्यात आपल्याला कोन इचारतं हो? बक्षीस नटाला, बक्षीस नेपथ्याला, उजेड पाडनाऱ्याला बी बक्षीस. घंटा देनाऱ्याला कुनी कधी नारळ तरी दिला का? अन् हितं मानूस चालत माझ्याकडं आला.

पन इथली नोकरी कायम हाय. आई शेवगावला एकटी. म्हनून तुमाला इचारतो. जाऊ का? गेलो तर काय बघायचं, कशाला हो म्हनायचं, कशाला न्हाई? तुमी सांगाल तसं करीन.

तुमचा
गहिनी

भिंगार
१९ सप्टेंबर १९७१

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. आनंद झाला. चहा टाकला होता तो वाचता वाचता गार झाला, तरी आनंद झाला. शोभा म्हणाली, "अगं बाई, पोरानं नाव काढलं!" मी म्हटलं, काढलं खरं, पण कुणाचं ते अजून ठरायचंय.

टोकेकर. वा. अठरा वर्षांत मी स्पर्धेला अठरा नाटकं उभी केली. त्यातल्या निदान पाच वेळा हे गृहस्थ नगरला पहिल्या रांगेत बसलेले मी पडद्याच्या फटीतून पाहिलेत. विंगेत यायला त्यांना कधी वाट सापडली नाही. कारखान्यात बरी सापडली. असो.

सल्ला मागितलास म्हणून देतो, एरवी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. धंदेवाईक कंपनी म्हणजे काय ते नीट समजून घे. आज सांगली, उद्या जळगाव. झोपायचं ट्रंकांवर, जेवायचं नटांनी आटोपल्यावर. नट चुकला तर "आज जरा रंगलं नाही", व्यवस्थापक चुकला तर "हाकला त्याला". तिथं तुला गहिनी म्हणणारं कुणी नसेल, "ए पडदेवाले" म्हणतील. आणि एक दिवस मालकाचा भाचा येईल नि घंटा त्याच्या हातात जाईल. तुझी नोकरी कायम आहे, आई एकटी आहे. मी तुझ्या जागी असतो तर हललो नसतो.

तरी जायचंच झालं तर मी शिकवलेलं विसरू नकोस. थिएटरवर तीन तास आधी पोच. दाराची कडी स्वतः दहा वेळा लावून बघ. बॅटरीत घरचे सेल घाल, कंपनीच्या सेलवर विसंबू नकोस. पडद्याच्या दोरीवरच्या माणसाला पहिल्याच दिवशी बजाव, दोरी धरणाऱ्यानं नाटक बघायचं नाही, दिवा बघायचा. लाल दिवा दिसला की ओढायचं. विचार करायचा नाही.

आणि तांब्या. दुसऱ्या अंकात तांब्या दाराच्या डाव्या हाताला, भांडं त्यावर पालथं. बाप उजव्या हातानं कडी काढतो आणि न बघता डावा हात तांब्याला नेतो. आमच्या डेपोतला एक जण तुमचा खेळ पाहून आला. तो म्हणत होता, तांब्या उजवीकडे होता. खरंखोटं देव जाणे.

बाकी, एकोणसत्तर सालचा पडदा तू विसरला नसशील. पुण्यात तसं झालं तर मी नसेन सांभाळून घ्यायला.

सुमंत चौकर

राहाता
२७ सप्टेंबर १९७१

काका,

पत्र चार डाव वाचलं. तांब्या डावीकडंच हुता. तुमच्या डेपोतल्या मानसाला चष्मा करून द्या.

तुमी काळजीपोटी लिव्हलंय ते कळतंय. पन मला झोप लागंना. टाइम ऑफिसात मी कोन कवा आला, कोन कवा गेला ते लिव्हतो. त्यात माझं काय हाय? विंगेत उभा राहिलो की दोनशे मानसांचा श्वास माझ्या हातात असतो. हे तुमीच मला एकदा म्हनला हुता, बोळातल्या चहाच्या टपरीवर. तवापास्नं मला दुसरं काही गोड लागत न्हाई. तर मी विष्णुपंतांना हो कळवलं.

त्यांचं म्हननं असं की, तुझ्या उस्तादाचं दोन ओळींचं पत्र पाहिजे. तुझ्यात काय चांगलं, काय वाईट, दोनी लिव्हायचं. मी म्हनलो, काका तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढंल असं लिव्हतील. ते तुमाला कार्ड टाकनार हायेत.

एकोनसत्तरचा पडदा मी इसरलो न्हाई. त्यावर आपन न बोललेलंच बरं.

मंडळाच्या यंदाच्या नाटकाचं काय ठरलं? दोरी कोन धरतंय?

गहिनी

भिंगार
११ ऑक्टोबर १९७१

श्री. विष्णुपंत टोकेकर, पुणे यांसी सादर नमस्कार.

आपलं ५ तारखेचं कार्ड मिळालं. गहिनीनाथ दहातोंडे याच्याबद्दल आपण निर्भीडपणे लिहायला सांगितलंत, म्हणून लिहितो. मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, वस्तू जागच्या जागी ठेवतो. माझ्या हाताखाली पाच वर्षं होता, तेव्हा एवढं तर यायलाच हवं.

दोष विचारलात. मी प्रत्येक खेळाची वही ठेवतो. तिच्या शेवटच्या पानावर त्या खेळातल्या चुका, करणाऱ्याच्या नावानिशी, लिहिलेल्या असतात. ती उघडून लिहितो आहे, आठवणीवर नाही.

६ डिसेंबर १९६९. स्पर्धेचा खेळ. आपण घेतलेलं हेच नाटक. शेवटचा प्रवेश. मुलगा घर सोडून गेला आहे, सून दार लावायला उठते. बाप म्हणतो, "सूनबाई, थांब." इथे चार पावलं. बाप उंबऱ्याशी येतो, बाहेर बघतो, आणि शेवटचं वाक्य म्हणतो, "दार उघडंच राहू दे." त्या वाक्यानंतर एक-दोन-तीन मोजून पडदा. बापाच्या भूमिकेत स्वतः लेखक राधाकृष्ण मास्तर होते. त्या दिवशी ते उंबऱ्याशी थांबले ते थांबलेच. रोज दोन श्वास थांबत, त्या दिवशी सहा थांबले. लोक पुढे झुकले होते. आणि चौथ्या श्वासाला पडदा आला. "दार उघडंच राहू दे" हे वाक्य मास्तरांनी पडद्यामागे म्हटलं. प्रेक्षकांना काही कळलं नाही, परीक्षकांना तर नाहीच. पहिलं येणारं नाटक चौथं आलं. दोरी दहातोंडेच्या हातात होती. "हात सुटला" असं त्यानं स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलं. वहीत तसं नोंदलेलं आहे.

हात एकदा सुटला म्हणजे पुन्हा सुटेलच असं नाही. पण आपल्या खेळाला हजारांचा प्रेक्षक असतो. आपण सुज्ञ आहात.

आपला
सुमंत चौकर

राहाता
२ नोव्हेंबर १९७१

काका,

दिवाळीचे आशीर्वाद तुमच्याकडनं आले न्हाईत, तरी घेतले.

पुन्याहून काहीच न्हाई. विष्णुपंत म्हनले हुते, दिवाळीच्या आत कळवतो. दिवाळी होऊन गेली. मी येड्यावानी टाइम ऑफिसात सांगून बसलो. साहेबांनी माझ्या जागेवर मानूस बघितला, पंधरा तारखेपास्नं तो येनार. पोरांनी पेढे वाटले. आता मला बघितलं की इचारतात, "काय गहिनीनाथ, अजून हितंच?" आई शेवगावात सांगत सुटलीया, माझा ल्योक पुन्याच्या नाटकात गेला. लोक तिला इचारतात, कोनतं काम करतो, राजाचं का परधानाचं. ती सांगती, तो घंटा देतो, मंग राजा येतो.

त्यांचं कार्ड तुमाला आलं का? तुमी लिव्हलं का? काय लिव्हलं, काका? एक ओळ टाका. माझं चित्त थाऱ्यावर न्हाई.

गहिनी

पुणे
६ नोव्हेंबर १९७१

श्री. चौकर यांस,

आपल्या पत्रानं मला दोन गोष्टी कळल्या. एक, मी ज्याला घ्यायला निघालो होतो त्याचा हात ऐन वेळी सुटतो. दुसरी, भिंगारमध्ये एक माणूस बसला आहे जो दोन वर्षांपूर्वीच्या एका खेळातले श्वास मोजून सांगतो. तीस वर्षं या धंद्यात आहे, असं पत्र मला कुणी लिहिलेलं नाही.

मी शिष्याला विचारलं, ही माझी चूक. उस्तादालाच विचारायला हवं होतं. आपण याल का? तालमी ५ डिसेंबरला सुरू होतात. सरकारी नोकरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळत असेल तर आधी तेवढंच बोलू. दहातोंडेला मी कळवलेलं नाही. आपणच योग्य शब्दांत सांगावं.

वि. टोकेकर

भिंगार
१४ नोव्हेंबर १९७१

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, ऑडिट होतं.

सरळ लिहितो. टोकेकरांनी मला बोलावलं आहे. तुझ्या जागी. मी मागितलं नव्हतं. त्यांनी तुझे गुणदोष विचारले, मी दोन्ही लिहिले. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. वहीत आहे तेच एकोणसत्तरचं लिहिलं. त्यावरून त्यांनी काय ठरवायचं ते ठरवलं.

तू अजून तिशीत नाहीस. तुला पुढे दहा टोकेकर भेटतील. मला पन्नासावं चालू आहे. रोज डेपोत जोडे आणि घोंगड्या किती आल्या, किती गेल्या ते लिहायचं, संध्याकाळी सायकल मारत नगरला तालमीला जायचं, हे अठरा वर्षं. माझ्या हाताखालून किती जण नट झाले, पेपरात फोटो आले त्यांचे. माझा हात पेपरात कुठे येतो? एकदा एका फोटोत पडद्याच्या कडेला कोपर आलं होतं. शोभानं ते कापून ठेवलंय. तेव्हा रागवू नकोस.

रजेचा अर्ज टाकला आहे. नगरच्या मंडळाची घंटा तुझ्याकडे द्यावी असं मी सुचवीन. ही काही लहान गोष्ट नाही.

सुमंतकाका

राहाता
२० नोव्हेंबर १९७१

सुमंतराव,

काका लिव्हायला आज हात उठत न्हाई.

तुमी म्हनता वहीत हाय तेच लिव्हलं. वही कुनाच्या अक्षरात हाय? त्या पानावर माझं नाव लिव्हताना तुमी माझ्याकडं बघितलं न्हाई. मी बघत हुतो तुमच्याकडं.

तुमीच शिकवलं, दोरीवाल्यानं नाटक बघायचं न्हाई, दिवा बघायचा. मी दिवाच बघत हुतो. तुमची बॅटरी समोरच्या विंगेत, तिच्या काचेला लाल कागद. तुमी ती छातीशी धरता, म्हनून लागली की तिचा उजेड आधी तुमच्या तोंडावर पडतो. त्या दिवशी उजेड पडला तवा मला तुमचे ओठ दिसले. ते हलत हुते. मास्तर उंबऱ्याशी गप उभे हुते अन् तुमच्या ओठांवर "दार उघडंच राहू दे" म्हनून झालं हुतं. तुमी मास्तरांच्या म्होरं निघून गेला हुता. तुमच्या तोंडातलं नाटक संपलं, तुमी तीन मोजले अन् अंगठा दाबला. मी ओढली.

दिवा तुमी दिला. माझा हात सुटला नव्हता.

मंग डायरेक्टर धावत आले, "कुनी पाडला, कुनी पाडला" करत. तुमी बॅटरी खिशात घातली. तुमच्या तोंडाकडं बघवंना. सोळा वर्सांत एक चूक न्हाई म्हनून नगरात ज्याचं नाव घेतात, तो मानूस उभ्या उभ्या मेल्यावानी झाला हुता. मी म्हनलो, माझा हात सुटला. मला वाटलं, विंग रिकामी झाली की तुमी म्हनाल, "गहिनी, तसं नव्हतं." तुमी वही काढली.

त्यानंतर वर्सभर मला दोरीला कुनी शिवू दिलं न्हाई. मी नगर का सोडलं, तुमी कधी इचारलं बी न्हाई. तरी राहात्याला आलो तर तुमचंच नाव सांगत फिरलो. विष्णुपंतांना बी तेच सांगितलं. अन् तुमी माझी कबुली माझ्याच गळ्याला फास म्हनून लावली.

लई जळतंय आतनं. तुमी पुन्याच्या विंगेत उभे राहनार अन् मी आता कुठं, ते मला ठाव न्हाई. तुमी मला पोटच्या पोरावानी शिकवलं हे खोटं न्हाई, म्हनून जास्त जळतंय. जा. पन बॅटरी छातीशी धरू नका, लांब धरा.

गहिनीनाथ दहातोंडे

भिंगार
२७ नोव्हेंबर १९७१

श्री. विष्णुपंत टोकेकर यांसी नमस्कार.

सोबत माझ्या वहीचं शेवटचं पान फाडून पाठवतो आहे. ६ डिसेंबर १९६९. त्यावर गहिनीनाथाचं नाव आहे, ते मी आज खोडून माझं लिहिलं आहे. दोन शाया दिसतील. जुनी दोन वर्षांपूर्वीची आहे, नवी आजची.

दिवा मी दिला. मास्तर थांबले आणि मी थांबलो नाही. त्यांचं वाक्य माझ्या तोंडात आधीच संपलं होतं. ते नाटक मला इतकं पाठ होतं की माझ्या लेखी ते मीच करत होतो, मास्तर फक्त उभे होते. आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. मास्तरांना टाळ्या पडत तेव्हा मला बरं वाटत नसे. आणि आपण कारखान्यात त्या पोरापुढे जाऊन उभे राहिलात हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात आग पडली. मागचं पत्र त्या आगीत लिहिलं आहे. श्वास सगळे खरे मोजलेत, माणूस खोटा सांगितला.

दहातोंडेनं दिवा दिसताच दोरी ओढली, म्हणजे जे शिकवलं तेच केलं. नंतर माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. आपल्याला असा माणूस हवा असेल तर तो राहात्याला आहे. त्यानं नोकरी सोडली आहे, तेव्हा उशीर करू नका. मी येत नाही. रजेचा अर्ज मागे घेतला.

हे पत्र शोभाला वाचून दाखवलं. उठून तिनं मला चहा दिला.

सुमंत चौकर

पुणे
१६ जानेवारी १९७२

काका,

तुमाला हे तिसरं पत्र. पहिलं लढाईच्या आधी टाकलं, दुसरं लढाई संपल्यावर. उत्तर न्हाई.

डिसेंबरात हितं दिवे झाकून बसलो हुतो, खेळ बंद, नुसत्या तालमी. आता सुरू झालंय. पहिल्या दिवशी विष्णुपंतांनी मला कचेरीत बोलावलं. तुमचं पत्र दाखवलं न्हाई. वहीचं पान दाखवलं अन् म्हनले, "यातलं तुला काही बोलायचंय?" मी म्हनलो, न्हाई. त्यांनी पान परत पाकिटात घातलं, कपाटात ठेवलं अन् मला किल्ल्या दिल्या.

रागात लई वाईट लिव्हलं मी. ते मागं घेत न्हाई, कारन खरं हुतं. पन मला अजून विंगेत शिरलं की पहिल्यांदा तुमीच दिसता. दाराची कडी दहा डाव लावून बघतो. बॅटरीत घरचे सेल घालतो. हितले लोक हसतात.

१२ मार्चला, रविवारी, दुपारच्याला, नगरला खेळ हाय. दोन पास पाठवतो. काकूंना आना. विंगेत या म्हनत न्हाई, तुमाला नको वाटंल. समोर बसा. न आला तर मला समजंल अन् परत लिव्हनार न्हाई.

गहिनी

भिंगार
१३ मार्च १९७२

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

लढाईमुळे उत्तर राहिलं असं लिहिणार होतो. डेपोत त्या दिवसांत दुप्पट पाळ्या होत्या हे खरं आहे. पण लढाई चौदा दिवसांत संपली आणि माझं पाकीट तीन महिने रिकामं राहिलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

काल आलो होतो. सातवी रांग. जन्मात पहिल्यांदा पडदा समोरून पाहिला. किती मोठा दिसतो रे तो! तिसरी घंटा झाली आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात नुसते पास होते.

तुझं काम चोख. प्रवेश बदलायला किती वेळ लागला ते मोजायला घेतलं, पण मोजून होण्याआधीच दिवे आले. बाजूला एक गृहस्थ बायकोला सांगत होते, "पुण्याच्या कंपन्यांची बातच वेगळी." मला त्यांची गचांडी धरून सांगावंसं वाटलं, अहो, पुण्याची कसली, हा शेवगावचा आहे आणि याला भिंगारच्या माणसानं घडवलाय. तेवढ्यात त्याच भिंगारच्या माणसानं काय केलं ते आठवलं.

शेवटचा प्रवेश. बाप उंबऱ्याशी आला नि थांबला. तुमचा हा नट मास्तरांहून जास्त थांबतो. मला वाटलं मी नुसता बघतोय. शोभानं एकदम माझा अंगठा धरला. मी तो खुर्चीच्या हातावर दाबत होतो. ती कानाशी म्हणाली, "अहो, त्याचं बोलणं व्हायचंय अजून."

खरंच व्हायचं होतं. माझ्या ओठांवर कधीच झालं होतं. मग त्यानं म्हटलं, "दार उघडंच राहू दे." मी मोजलं, एक, दोन, तीन, आणि तुझा पडदा आला. ना आधी, ना नंतर. मी असतो तर काल पुन्हा तसाच पाडला असता, गहिनी. अठरा वर्षं ज्याला मी माझं पाठांतर म्हणत होतो तेच नडलं. तू थांबू शकतोस. मला कधी जमलं नाही.

मला तुझा हेवा वाटतो. मागे वाटत होता तसाच, तसूभर कमी नाही. काल टाळ्या वाजवताना वाटत होता, आत्ता लिहितानाही वाटतोय. फरक एवढाच की आता त्याचं नाव मला माहीत आहे आणि तुला कळवतो आहे. तू पुढे पाय टाकलास तेव्हा मी तुला हात दिला नाही, ढकललं. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी वहीत लाल शाईनं लिहिलं असतं.

तरी एक सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. दुसऱ्या अंकात तांब्या उजवीकडे होता! डावीकडे, गहिनी, डावीकडे! कितीदा सांगितलं? नटानं ऐन वेळी उजवा हात कसा नेला ते देवाला ठाऊक, नशीब तुझं. पुण्याला जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि एवढी साधी गोष्ट विसरलास? हे अक्षम्य आहे. उत्तर पाठव.

सुमंतकाका

जळगाव, मुक्काम
१९ मार्च १९७२

काका,

पत्र पुन्याहून फिरत हितं आलं. ट्रंकेवर बसून उत्तर लिव्हतो. तुमी म्हनला हुता तसंच हाय, आज हितं, उद्या तिथं, अन् मला "ए पडदेवाले" म्हनतात. बरं वाटतं.

तांब्या मुद्दाम उजवीकडं ठेवला हुता. नटाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, नगरच्या खेळापुरता उजवा हात न्या. तो म्हनला, का? म्हनलो, सातव्या रांगेत एक मानूस बसनार हाय. तीन पत्रं टाकली, त्याचं उत्तर न्हाई. त्याला चूक दिसली की तो लिव्हल्याबिगर राहनार न्हाई.

दुसऱ्या दिवशी लगेच लिव्हलं तुमी. तारीख बघितली मी.

वहीचं नवं पान काढा, काका, अन् लिवून ठेवा. १२ मार्च १९७२, तांब्या उजवीकडं. चूक गहिनीनाथ दहातोंडेची. ही खरंच माझी हाय.

गहिनी